जे गावातच राहणार, त्यांनी कुठं शिकायचं?

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद
मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक), जिल्हा परिषद

विषय : आमच्या गावची प्राथमिक शाळा दुसऱ्या गावच्या शाळेत समायोजित करण्याच्या पत्राबाबत

महोदय,

सविनय नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, शाळेला कुलूप असताना तुमच्या कार्यालयाचं पत्र आलं. पटावर १७ लेकरं आहेत, त्यामुळे पहिली ते पाचवीचे वर्ग नव्या सत्रापासून ५ किलोमीटरवरच्या मोठ्या शाळेत समायोजित करावेत, असं त्यात लिहिलंय. गुरुजींनी ते व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं. खाली कुणीतरी सवयीने हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाला कळलं की हे हात जोडायचं पत्र नव्हतं.

मी शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. माझी मोठी मुलगी याच शाळेतून पाचवी झाली, धाकटा आता चौथीत जाईल. घरी चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि तूर. समितीने पंचायत समितीत अर्ज दिला. आवक-जावकचा शिक्का मिळाला, उत्तर मिळालं नाही. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा ‘वरून आलंय’ एवढंच ऐकलं. वर म्हणजे कुठं, हे सांगणारं टेबल काही सापडलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

आधी तुमची बाजू, कारण ती अगदीच खोटी नाही. एका गुरुजीने पाच वर्ग सांभाळायचे म्हणजे काय होतं ते मी खिडकीतून पाहिलंय. पहिलीला बाराखडी गिरवायला बसवायचं, दुसरी-तिसरीला पाढे लिहायला द्यायचे आणि चौथीचा भागाकार फळ्यावर अर्धा झाला की केंद्रशाळेतून फोन येतो, अमुक माहिती आत्ताच्या आत्ता भरा. भागाकार तसाच राहतो. मोठ्या शाळेत वर्गाला एक शिक्षक मिळेल, मैदान मिळेल, कबड्डीला दोन संघ होतील. २०२३ साली राज्याने समूह शाळांची, म्हणजे छोट्या शाळा एका मोठ्या शाळेत एकत्र करायची, कल्पना काढली आणि पुणे जिल्ह्यातल्या पानशेत, नंदुरबारातल्या तोरणमाळची उदाहरणं दिली, तीही याच बोलीवर. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात १४ हजारांवर आहेत असं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे हा एका गावाचा प्रश्न नाही, हे आम्हालाही कळतं.

पण तुम्ही ज्या गुणवत्तेसाठी हे करताय, ती मोजता कशावर? नवोदयला किती लागले, शिष्यवृत्तीत किती बसले, पुढे कोण इंजिनिअर झालं. थोडक्यात, गावाबाहेर किती गेले. गेलेल्यांचे सत्कार आम्हीही करतो, शाल-श्रीफळ देतो, मला त्याचं वावडं नाही. पण माझ्याबरोबर जी पोरं-पोरी या शाळेत होती, त्यातला एक पोलिसात आहे, एक पुण्याला कंपनीत. बाकीचे सगळे इथंच किंवा इथल्यासारख्याच दुसऱ्या गावात आहेत. वावरात आहेत, रोजाने जातात, बचत गट चालवतात, एक जण सरपंच होऊन गेला. शाळा मुख्यतः त्यांची असते. त्यांना तिचा काय उपयोग झाला, हे तुमच्या एकाही तक्त्यात येत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचं त्याचं विवरण.

सरकारला आम्ही शिकलेले हवे आहोत, निदान कागदावर तरी. २०२१ पासून पेरा सातबाऱ्यावर आणायचा तर ई-पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करायची. गट नंबर टाका, पीक निवडा, क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहा, बांधावर उभं राहून फोटो काढा. एकराचे हेक्टर-आर करणं चौथी-पाचवीच्या गणितात बसतं. आमच्या गावात ही पाहणी अर्ध्या घरांत शाळेतली लेकरं करून देतात. बाप मोबाइल धरून उभा असतो आणि पोरगं सांगतं, कुठं बोट ठेवायचं.

कापूस विकायचं तसंच. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या केंद्रावर ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की टक्क्यामागे भाव कापतात आणि १२ च्या वर गेला तर गाडी परत. यंत्रावर आकडा दिसतो, तो वाचायचा, पावतीवर तोच पडला का बघायचं, मग कापलेले पैसे तेवढेच आहेत का ते मनात करायचं. मागे रांग लागलेली असते, मापारी घाई करतो. मागल्या हंगामात आमच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई नातीला सोबत घेऊन गेल्या. चौथीतली पोट्टी. तिने ओट्यावर बसून पावतीच्या मागे वजाबाकी केली आणि फरक दाखवला. पावती बदलून मिळाली. फार मोठी रक्कम नव्हती, पण दोन दिवसांच्या वेचणीची मजुरी होती.

तिसरी गोष्ट जिवाची. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात पडले. ते अडाणी होते म्हणून गेले, असं मी मुळीच म्हणणार नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, डोक्याच्या वर गेली होती, औषधात औषध मिसळून फवारत होते, हातमोजे-चष्मे कुणाकडे नव्हते, दुकानदार सांगेल तो डोस. चूक असलीच तर मरणाऱ्यांची सगळ्यात कमी होती. पण त्यानंतर आमच्या शाळेत तेव्हाच्या गुरुजींनी जे केलं ते कुठल्या पुस्तकात नव्हतं. औषधाच्या डब्यावर असतो तसा कोनावर उभा असलेला मोठा चौकोन फळ्यावर काढला आणि त्याचा खालचा त्रिकोण रंगीत खडूने भरला. लाल म्हणजे अति विषारी, पिवळा त्याखालोखाल, निळा मध्यम, हिरवा कमी. मग डब्यावर कुठं काय लिहिलेलं असतं ते सांगितलं. डब्याला हात लावायचा नाही, लांबूनच वाचायचं, हेही बजावलं. आठवडाभर लेकरं घरोघर रंग विचारत फिरत होती. तिसरीतली एक पोरगी काकाला म्हणाली, “काका, हे लाल हाय. जेवाच्या आंधी हात साबनानं धुजा.” काकाने धुतले. लहान लेकराचं ऐकायला मोठ्या माणसाला कमीपणा वाटत नाही, हा गावच्या शाळेचा एक फायदा मला तेव्हा कळला.

हे शिक्षण ५ किलोमीटरवरच्या शाळेत मिळणार नाही का? मिळेल. पण तिथल्या गुरुजींना आमच्या गावात कोण फवारतं, कुणाचं वावर नाल्याकाठी आहे, कुणाचा बाप दिवाळीनंतर कामाला बाहेर जातो, हे माहीत नसेल. माहीत असायची गरजही वाटणार नाही.

ही कल्पना माझी नाही, आपल्याच मातीतली आहे. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि हाताच्या कामाभोवती गुंफलेलं, असं तिथं ठरलं. त्याचा आराखडा डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने केला आणि सेवाग्रामला नई तालीम उभी राहिली. लेकरांच्या कामातून शिक्षकाचा पगार निघावा, हा त्यातला हिशेब मला आजही पटत नाही. पगार सरकारनेच द्यावा. पण गावात जे काम चालतं त्यातूनच लेकरू लिहायला, मोजायला आणि विचारायला शिकेल, हे मात्र सोळा आणे खरं आहे. पुढे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या सरकारने विद्यामंदिर योजना काढली. शाळेला जमीन लावून द्यायची आणि तिच्या उत्पन्नावर गावातच शाळा चालवायची. योजना फार टिकली नाही. तरी पैसा नव्हता त्या काळातही प्रश्न ‘शाळा गावात कशी नेता येईल’ असा होता. पापळसारख्या खेड्यात जन्मलेल्या पंजाबराव देशमुखांनी विलायतेहून परतल्यावर वऱ्हाडात शिक्षण संस्था उभी केली, तीही शेतकऱ्यांची पोरं डोळ्यापुढं ठेवून. तुमच्या दालनात या थोरांच्या तसबिरी असतील. आमच्या शाळेतही आहेत.

आता तक्रारी सांगते.

पहिली अंतराची. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, राज्याचे नियम २०११ चे. त्यांत पाचवीपर्यंत १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटरच्या आत शाळा असावी असं आहे. तुमच्या पत्रात ५ किलोमीटर तुम्हीच लिहिलेत. अंतर लिहिलंत, नाला लिहिला नाही. मध्ये रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल आहे. जुलै-ऑगस्टात चांगला पाऊस झाला की त्यावरून पाणी जातं आणि मोठी माणसंही पलीकडेच थांबतात. सर्वेक्षण कुणी केलं, कोणत्या महिन्यात केलं, हे पत्रात नाही. उन्हाळ्यात केलं असेल तर तो नाला त्यांना रस्त्यासारखाच दिसला असेल.

इथं एक सांगायलाच हवं. मतदाराला केंद्रासाठी २ किलोमीटरपेक्षा लांब जावं लागू नये, असा निवडणूक आयोगाचा दंडक आहे. आमचं मतदान केंद्र याच शाळेत असतं. पाच वर्षांतून एक-दोनदा बोट दाबायला धडधाकट माणसाने २ किलोमीटरच्या वर चालू नये, आणि सहा वर्षांच्या लेकराने रोज ५ जायचे, ५ यायचे. मतदानाच्या दिवशी पट कुणी मोजत नाही.

दुसरी, वाहनाची. ‘वाहतूक सुविधा देण्यात येईल’ असं एक वाक्य आहे. कोणती, कुणाची, कधीपासून? एसटी आमच्या फाट्यावर थांबते, गावात येत नाही, आणि तिची वेळ शाळेच्या वेळेला जुळत नाही. मानव विकासच्या निळ्या बसेस हायस्कूलच्या मुलींसाठी आहेत. ऑटो लावायचा तर त्यात किती लेकरं कोंबली जातील ते आपण सगळे रोज रस्त्यावर बघतो. पहिलीतलं लेकरू झोपलं तर उतरवून कोण घेईल? मजुरी करणारी आई सकाळी निंदायला गेलेली असते, संध्याकाळी परतते. आज शाळा सुटली की लेकरू चालत आजीकडे येतं. दुपारी पोट दुखलं तर गुरुजी कुणाला तरी हाक मारतात.

तिसरी तक्रार मला सगळ्यात जास्त टोचते. ज्यांच्याकडे पैसे आहेत त्यांची लेकरं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये आधीच गेली. उरलेली १७ कोण आहेत ते एकदा हजेरीपटावर नाव वाचून बघा. भूमिहीन मजुरांची आहेत, दोन-चार एकरवाल्यांची आहेत, आणि पाच जण पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची आहेत. कोलाम लेकरं घरी कोलामी बोलतात. पहिलीत येतात तेव्हा त्यांना आमची मराठी धड कळत नाही. पहिले काही महिने ती दारातच बसतात, मग हळूहळू आत सरकतात. हे आत सरकणं गावातल्या, रोज दिसणाऱ्या, ओळखीच्या शाळेत होतं. दुसऱ्या गावच्या दोनशे पोरांत ती दारापर्यंतही जाणार नाहीत. आणि मुलींचं मी वेगळं काय सांगू? पाचवीनंतर लांबची शाळा लागली की कोणाचं नाव आधी कटतं हे आम्हाला ठाऊक आहे. आता ती वेळ पहिलीतच येईल. धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवली म्हणून कुणी तक्रारही करणार नाही. पट मात्र मोठ्या शाळेच्या हजेरीत दिसेल.

दिवाळीनंतर काही आई-बाप कामासाठी बाहेर जातात. आज लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, कारण शाळा घरापासून चार घरांवर आहे. शाळा लांब गेली की लेकरूही बोचक्याबरोबर जाईल.

चौथी. पट कमी का झाला, हे पत्रात एका ओळीनेही विचारलेलं नाही. दोन गुरुजी होते तेव्हा पट चाळीसच्या वर होता. एकाची बदली झाली, जागा भरली नाही. साठपर्यंत लेकरांना दोन शिक्षक असं कायदा सांगतो, आम्ही दर वर्षी मागितले. मग लोकांनी बघितलं की एकटे गुरुजी मीटिंगला गेले की शाळा बंद. ज्याला जमलं त्याने लेकरू काढलं. निंदण करायचं नाही, खत द्यायचं नाही, आणि पीक आलं नाही म्हणून वावरच मोडीत काढायचं, असा हा व्यवहार झाला.

पाचवी, गुरुजींच्या वेळेची. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देऊ नये, असं त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये आहे. आमचे गुरुजी ऑनलाइन माहिती भरतात, फोटो चढवतात, आधार जुळवतात, रेंज मिळत नाही म्हणून टेकाडावर जाऊन उभे राहतात. शिकवायला उरलेल्या वेळात शिकवतात. मग गुणवत्ता कमी म्हणून शाळाच हलवायची.

सहावी. आम्हाला विचारलं नाही. व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असं कायदा म्हणतो, तशी आमची समिती आहे. शाळेचा विकास आराखडा आम्ही करायचा. शाळा बंद करायचा आराखडा मात्र परस्पर झाला. ग्रामसभेत विषय आला नाही. जिल्हा परिषद सदस्याला विचारावं तर सभागृहाची मुदत २०२२ मध्येच संपली.

इमारतीचंही विचारून ठेवते. दोन खोल्या आहेत. दुसऱ्या खोलीच्या भिंतीचं काम गावाने श्रमदानाने केलंय, कुणाची बंडी रेतीला गेली, कुणाची विटांना. शाळा गेल्यावर तिथं काय होणार, हे पत्रात नाही. बंद पडलेल्या सरकारी खोलीत काय होतं हे गावातल्या बायकांना माहीत आहे.

एका मुलामागे खर्च जास्त येतो, हे मला एका साहेबांनी तोंडी सांगितलं. येतो. छोट्या गावात रस्ताही माणसामागे महाग पडतो, विजेचा खांबही. म्हणून आम्ही अंधारात राहावं, असं अजून कुणी लेखी दिलेलं नाही.

आम्ही अडून बसलेलो नाही. सहावी ते आठवीसाठी मोठी, एकत्र शाळा असावी, हे माझं स्वतःचं मत आहे. तिथं विज्ञानाचा, इंग्रजीचा वेगळा शिक्षक लागतो. माझी मुलगी सायकलने जाते आणि चांगली शिकते. पण सहा वर्षांचं आणि बारा वर्षांचं लेकरू एकाच फूटपट्टीने मोजू नका.

मागण्या अशा आहेत.

समायोजनाचं पत्र स्थगित करावं. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी राज्यापेक्षा उशिरा उघडतात, त्यामुळे वेळ अजून गेलेली नाही. शाळा उघडेल त्या दिवशी आमचे वर्ग आमच्याच गावात भरावेत.

मंजूर असलेलं शिक्षकाचं दुसरं पद भरावं. नियमित शिक्षक मिळेपर्यंत तात्पुरती सोय करा, पण ‘तात्पुरती’ला तारीख असू द्या.

ग्रामसभा आणि व्यवस्थापन समितीच्या लेखी ठरावाशिवाय पाचवीपर्यंतची कोणतीही शाळा हलवू नये. हे आमच्याच नाही, तालुक्यातल्या ज्या ज्या गावांना असं पत्र गेलंय त्या सगळ्यांसाठी मागतो आहोत.

सर्वेक्षणाचा अहवाल द्यावा. पायवाटेने अंतर किती, नाल्याला पूर किती दिवस असतो, हे त्यात असावं. नसेल तर ऑगस्टात पुन्हा करावं.

कलम २७ बाहेरची कामं गुरुजींकडून काढून घेतल्याचा आदेश निघावा आणि त्याची प्रत शाळेच्या फळ्याशेजारी लागावी.

आणि समूह शाळा करायचीच असेल, तर सहावीपासून करा. तिथंही बस आधी सुरू होऊ द्या, वर्ग नंतर हलवा. मधली एक महिन्याची गॅप म्हणजे चार-दोन मुलींची शाळा कायमची सुटणं.

यावर समितीचा ठराव झाला आहे, प्रत जोडली आहे. उत्तर लेखी द्यावं, तोंडी नको, कारण तोंडी उत्तर ग्रामसभेत वाचून दाखवता येत नाही. शाळा उघडायच्या आधी आम्ही विशेष ग्रामसभा मागितली आहे. आपण किंवा गटशिक्षणाधिकारी साहेबांनी यावं. गाडी फाट्यापर्यंत आणा आणि पुढे रपट्यावरून आमच्या सोबत चालत या. सभा सकाळी आहे, जेवण शाळेतच करू.

आपली विश्वासू,
शाळा व्यवस्थापन समितीची एक सदस्य आणि चौथीत जाणाऱ्या मुलाची आई

प्रत माहितीसाठी :
गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती
सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी, ग्रामपंचायत
तालुक्यातल्या सर्व शाळा व्यवस्थापन समित्या